वरची दोन बोटं जागा

दुपारी जेवण झालं की मला अजून छापखाना दिसतो. डोळा नुकताच लागलेला असतो, पंखा फिरत असतो, मागच्या गल्लीत एखादा उरलासुरला माग चालू असतो, आणि त्याच्या खटक्यावर नावं यायला लागतात. चि. आणि चि. सौ. कां. जोडीनं येतात. मागून स्वागतोत्सुक येतात, त्यांच्यामागे ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पोरं. सगळ्यांत शेवटी गेलेली माणसं येतात. ती घाई करत नाहीत. मी म्हणते, बसा, तुमचं प्रूफ निघतंय. एवढ्यात कुणीतरी दाराची कडी वाजवतं आणि मी जागी होते.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘कारकीर्द’ लिहायला सांगितलं आहे. कारकीर्द राजांची असते. मी साखर पेठेतल्या एका लहान छापखान्यात बत्तीस वर्षं पत्रिका जुळवल्या, आधी शिशाच्या खिळ्यांनी आणि मग कॉम्प्युटरवर. घरी आमची तेलुगू, शाळेत मराठी, आणि मालक इक्बालभाई यांची दखनी. तिन्ही भाषांत मला सगळे ‘अक्का’च म्हणत.

पत्रिका वरून खाली जुळवतात. सगळ्यांत वर देव. तो कुठला, हे गिऱ्हाइकाला कधी विचारायचं नाही, ही इक्बालभाईंची शिस्त. आडनाव, गल्ली आणि बोलण्याचा हेल एवढ्यावरून मला कळायचं. पूर्व भागातला विणकर आला की श्री मार्कंडेय प्रसन्न. बाळीवेशीतला लिंगायत व्यापारी आला की श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न, म्हणजे आमचं ग्रामदैवत सिद्धेश्वर. कुणाचा बालाजी, कुणाची तुळजाभवानी, कुणाचे ७८६, कुणाचा क्रूस, कुणाचे बुद्ध. या सगळ्यांचे ठसे एका लाकडी खणात असत. त्याला आम्ही देवांचा खण म्हणायचो. रोज संध्याकाळी इक्बालभाई एकाच फडक्यानं, एकाच रॉकेलच्या वाटीत बुडवून, सगळ्यांची शाई पुसायचे. म्हणायचे, “देखो अक्का, सब एकीच डब्बे में रैते. कबी झगडा नै हुआ.” पुढे कॉम्प्युटर आला. खण रिकामा झाला आणि पडद्यावर ‘देव’ नावाचं फोल्डर आलं. त्यातही सगळे एकत्रच राहिले.

एकदा एक विणकर आला. त्याला वर मार्कंडेय हवा होता आणि ७८६ सुद्धा. मुलाचं लग्न जमेना तेव्हा तो दर्ग्यात नवस बोलला होता. म्हणाला, “एकाला घातलं आणि दुसऱ्याला वगळलं, तर मला झोप नाही लागायची.” इक्बालभाईंनी पट्टी घेऊन दोन्ही ओळींची उंची मोजली. एक ओळ केसभर मोठी होती, ती कमी करून घेतली. मी हसले तर म्हणाले, “हसू नक्को. उसकी नींद का सवाल है.”

देवाखाली माणसं. जिवंत माणसांचं सोपं असतं. मेलेल्यांचं अवघड, कारण मेलेल्या माणसाच्या नावाआधी त्याचा नवा पत्ता लिहावा लागतो. कैलासवासी म्हणजे हा कैलासावर गेला. वैकुंठवासी म्हणजे माळकरी होता. लिंगायताच्या घरी लिंगैक्य, मुसलमानाच्या घरी मरहूम, ख्रिस्ती माणूस ख्रिस्तवासी, बौद्ध माणूस कालकथित. यात चूक झाली तर माणूस भलत्याच घरी जाऊन पोचतो आणि घरचे लोक छापखान्यात येऊन उभे राहतात. माझ्या हातून तशी चूक कधी झाली नाही. हा गर्व म्हणा हवं तर, मी नाही म्हणणार नाही.

चूक झाली ती वेगळीच, आणि एकदाच.

बिराजदार सर आमच्याकडे पहिल्यांदा आले ते मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उंच, वाळके, खिशाला दोन पेनं. मुलगी नंदिनी सोबत होती. जावई कुर्डुवाडीचा, रेल्वेत. लग्न नोंदणी पद्धतीचं आणि संध्याकाळी चहा. सरांनी मजकूर माझ्यापुढे ठेवला आणि बोट कागदाच्या वरच्या कडेला लावलं. “इथं दोन बोटं जागा मोकळी सोडायची, अक्का. काही नको.”

“गणपतीसुद्धा?”

“कुणीच नको. मी सेक्युलर माणूस आहे.”

आत मशीन पुसत बसलेले इक्बालभाई हे ऐकून बाहेर आले. “सर, फिर तो अपनाच घर समझो. हमारा छापखाना पक्का सेक्युलर है. सब देव एक फोल्डर में.”

सर हसले. “भाई, तुमच्या फोल्डरमध्ये सगळे आहेत. माझं फोल्डर रिकामं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी.”

“फिर सेक्युलर कौन? तुम या मैं?”

सर स्टुलावर बसले. वर्गात प्रश्न विचारणारं पोर सापडलं की मास्तराचा चेहरा जसा होतो, तसा झाला होता. म्हणाले, “मला मराठीत इहवादी म्हणा. इह म्हणजे हे, इथलं. जे काय करायचं ते इथं, या माणसांसाठी, आणि त्याचा जाबही इथंच द्यायचा. वरचं मला ठाऊक नाही, म्हणून मी त्यावर बोलत नाही. तुम्ही वरचं मानता, पण दारात आलेल्या माणसाला त्यावरून मोजत नाही. सरकारनं तुमच्यासारखं वागावं, एवढंच माझं म्हणणं.”

“तो सरकार को बोलो,” इक्बालभाई म्हणाले, “हमारे पास आके दो महिने काम सीखे.”

सरांनी प्रूफ तपासलं, ‘छापण्यास हरकत नाही’ लिहून सही केली आणि गेले. आता बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की सही झालेल्या प्रुफाला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला एकुलता एक धर्म. वेलांटी चुकली असली तरी विचारल्याशिवाय सुधारायची नाही.

त्या दिवशी एप्रिलची दुपार होती. शटर अर्धं ओढलेलं. रस्त्यावर ऊन नुसतं थरथरत होतं आणि मागांचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. पडद्यावर नंदिनीची पत्रिका उघडी होती. वरची ती पांढरी जागा बघता बघता माझे डोळे जड झाले. मला ती पोर दिसायला लागली. सकाळी वडिलांशेजारी उभी राहून पत्रिकेच्या नमुन्यांवरून हळूच बोट फिरवत होती. मला वाटलं, ही भर उन्हात उघड्या डोक्यानं निघाली आहे आणि कुणी तिला पदरसुद्धा घ्यायला सांगत नाही. मग माझा हात हलला. फोल्डर उघडलं आणि वर एक ओळ येऊन बसली. ॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥ संध्याकाळपर्यंत तीनशे पत्रिका छापून झाल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी गठ्ठा सोडला आणि वरची पत्रिका हातात घेतली. आरडाओरडा केला नाही, तेच जास्त लागलं.

“सही झाल्यावर हात कुणी लावला?”

“सवयीनं पडलं, सर. चुकून.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “बरं,” म्हणाले, “सवय.”

इक्बालभाईंचा चेहरा पडला. त्यांनी तिथल्या तिथं मशीन चालू केलं आणि पुन्हा तीनशे पत्रिका काढल्या, वर कोऱ्या. चुकलेला गठ्ठा रद्दीत टाकायला उचलला तर सरांनी अडवलं. “अहो, पाठी कोऱ्या आहेत याच्या. मी नेतो.” मास्तर माणूस, कागदाची पाठ कोरी दिसली की जीव अडकायचा. सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधून ते गेले. मी आज हे पहिल्यांदा छापून सांगते आहे, की ते चुकून पडलं नव्हतं. अर्धवट झोपेत होते हे खरं. पण त्या झोपेत मला नीट कळत होतं, मी काय करते आहे ते.

त्यानंतर सर दुपारचे येऊ लागले. कागदाच्या रिमावर बसायचे, चहा घ्यायचे आणि खिशातून त्या पत्रिकांचे तुकडे काढायचे. सेक्युलर हा शब्द सोलापुरात कोण कसा वापरतो, हे त्यांनी त्या पाठकोऱ्या तुकड्यांवर टिपायला घेतलं होतं. “शब्द चांगला होता, अक्का,” म्हणायचे. “कुठं कुठं फिरून आला आणि काय होऊन आला, ते बघतो आहे. माझ्या शाळेत तर त्याची शिवी झाली होती. मी शिक्षकांच्या खोलीत शिरलो की म्हणायचे, आले आमचे सेक्युलर.”

ते वाचून दाखवायचे आणि मी जुळवणी करता करता ऐकायची. एका रिक्षावाल्यानं सांगितलं होतं, “सेक्युलर मंजी दोनी बाजूनं शिव्या खानारा.” चादरीचा एक दुकानदार म्हणाला होता, “दुकान उघडं हाय तवर मी सेक्युलर. शटर लावल्यावर माझं मी बघतो.” आमच्याच छापखान्यात निवडणुकीचं एक पत्रक आलं होतं. कार्यकर्ता म्हणाला, या पेठेसाठी सेक्युलर शब्द मोठ्या टाइपात घाला आणि त्या पेठेसाठी काढूनच टाका, तिकडं मतं जातात. आम्ही दोन्ही छापली. सरांनी तो तुकडा दोनदा वाचला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

त्यांच्या बायकोचाही एक तुकडा होता. शारदाकाकू, माहेर मंगळवेढ्याकडचं. त्यांनी सांगितलं होतं, “ह्येंच्या वाटनीचं बी मीच हात जोडती, म्हनून ह्येंना सेक्युलर व्हायला जमतंय.” हे वाचताना सर इतके हसायचे की चहा सांडायचा.

“तुमची चिठ्ठी कोरी आहे, अक्का,” ते मला म्हणत. “सांगा की, सेक्युलर म्हणजे काय.”

“विचार करून सांगते,” मी म्हणायची. दहा वर्षं मी हेच म्हणत राहिले. याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटच्या वर्षी ते सायकल सोडून रिक्षानं येऊ लागले. एके दुपारी त्यांनी माझ्यासमोर एक चिकटवलेलं पाकीट ठेवलं. “माझं शेवटचं मॅटर. वेळ आली की उघडा. प्रूफ पाहायला मी नसेन, म्हणून आधीच सही केली आहे.” मी ते पाकीट जुन्या देवांच्या खणात ठेवलं. खण रिकामाच होता.

ते गेले तेव्हा मी माझ्या चुलतबहिणीकडे वैरागला होते. परत आले त्या दिवशी शारदाकाकू छापखान्यात येऊन बसलेल्या. कपाळ मोकळं, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. सरांनी देहदान केलं होतं. लिंगायतात मातीला देतात, समाधी असते, वर्षातून चार वेळा माणूस तिथं जाऊन बसतो, बोलतो, फूल ठेवतो. काकूंना तसं काही उरलं नव्हतं. रुग्णवाहिका आली आणि घेऊन गेली.

“दिरांनी लिहून दिलंय,” त्या म्हणाल्या आणि कागद पुढे केला. वर सिद्धरामेश्वर प्रसन्न आणि नावाआधी लिंगैक्य.

“काकू, सरांना हे चाललं नसतं.”

“मला म्हाईत न्हाय व्हय?” त्यांचा आवाज एकदम चढला. “चाळीस वर्सं ह्येंच्या म्हनन्यापरमानं केलं. पन आता मी कुटं जाऊ, सांगा की. माती न्हाय, दगुड न्हाय. त्या दवाखान्याच्या भिंतीला हात जोडू का? सगळ्यांची मानसं कुटंतरी जात्यात. कैलासाला जात्यात, वैकुंठाला जात्यात. माझाच मानूस कुटं बी गेला न्हाय. ह्या कागदावर तरी येक जागा लिवा, अक्का. येवढी येकच जागा मला द्या.”

इक्बालभाई दारात उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या एका बाजूला मेलेल्या माणसाची सही होती आणि दुसऱ्या बाजूला जिवंत बाई रडत होती. खरं सांगते, माझा हात काकूंच्या बाजूनं केव्हाच हलला होता. एकदा हलला होता तसाच.

“आधी एक दाखवते,” मी म्हटलं आणि खणातून पाकीट काढलं.

आत नंदिनीची पत्रिका होती. चुकलेल्या गठ्ठ्यातली. वर माझीच ओळ, ॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥. क्षणभर वाटलं, सरांनी भलताच कागद भरला. मग पत्रिका उलटी केली. पाठीवर निळ्या शाईत सरांचं फळ्यावरच्यासारखं गोल अक्षर होतं. मी मोठ्यानं वाचलं.

“विश्वनाथ बसप्पा बिराजदार, राहणार सोलापूर, हे दिनांक अमुक रोजी वारले. देह विद्यार्थ्यांच्या कामी दिला आहे. कोणतेही विधी नाहीत. ज्यांना आठवण येईल त्यांनी घरी चहाला यावे. शारदा चहा उत्तम करते. छापण्यास हरकत नाही.” खाली सही. आणि सहीच्या खाली, बारीक अक्षरात, “अक्का, या वेळी वर काही घालावंसं वाटलं, तर आधी मला विचारा.”

दहा वर्षं त्यांना माहीत होतं. दहा वर्षं ते समोर बसून चहा पीत होते आणि एका शब्दानं बोलले नव्हते.

“विचारा मंजी काय?” काकूंनी डोळे पुसत विचारलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. एप्रिलची दुपार, उघड्या डोक्याची पोर, हलणारा हात. काकू ऐकत राहिल्या. त्यांचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

“मंजी ते तुमी घातलं हुतं?”

“हो.”

“मुद्दाम?”

“हो, काकू.”

“आगं बाई!” त्यांनी माझं मनगट धरलं. “मी त्या सकाळी सिद्धेश्वराला नारळ फोडला हुता. पोरीच्या कागदावर तुजं नाव येऊ दे म्हनलं. ह्येंनी गठ्ठा घरी आनला आन् मी बघितलं, तर नाव! मला वाटलं, त्येनंच घातलं. धा वर्सं मी त्येचं उपकार मानत बसली!” आणि त्या रडता रडता हसायला लागल्या. मीही. इक्बालभाई “या अल्ला” म्हणत दारातच खाली बसले.

हसणं ओसरल्यावर काकूंनी पत्रिका माझ्या हातातून घेतली. त्यांचं वाचन सावकाश. एकेका शब्दावर बोट ठेवत त्या पहिल्या ओळीतच थांबल्या.

“राहनार सोलापूर,” त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा तेच वाचलं. “मग हितंच हायत की.”

दिरांचा कागद त्यांनी चार घड्या घालून पिशवीत टाकला. “आसंच छापा. फकस्त हा कागुद मला परत द्या.”

त्या गेल्यावर मी जुळवणीला बसले. पुन्हा तीच दुपार, तोच पंखा, तोच लांबचा माग. वरची दोन बोटं जागा पांढरी आणि तिच्यात लुकलुकणारी उभी रेघ. डोळे जड झाले. सर रिमावर बसले होते, खिसे चाचपत होते. मी विचारलं, सर, घालू का? ते माझी कोरी चिठ्ठी शोधत राहिले. मी वाट पाहिली, पडद्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला. मग पत्रिका तशीच, वर कोरी, छपाईला दिली.

चहाला मी आणि इक्बालभाई दोघं गेलो. घर माणसांनी भरलं होतं. सरांचे विद्यार्थी, रिक्षावाला, चादरीचा दुकानदार, नंदिनी आणि जावई, अगदी रुसलेले दीरसुद्धा. काकू एकामागून एक आधण ठेवत होत्या. मी कप द्यायला आत गेले, तेव्हा देव्हारा दिसला. बाळकृष्ण आणि सिद्धेश्वराची तसबीर यांच्या मधोमध ती पत्रिका उभी केली होती. सरांचं निळं अक्षर पुढे, आणि माझी ओळ भिंतीकडे.

“काकू,” मी हळूच म्हटलं, “देव मागच्या बाजूला गेला की.”

त्यांनी चहा गाळता गाळता मान वर केली. “जाऊ दे की. त्येला पाठीमागनं बी दिसतंय. ह्येंना चष्म्याबिगर काय दिसत न्हाय.”